विश्लेषण : निर्मळ थट्टेची गंमत नेमकी कशात असते? ती छेडछाड कधी ठरते?

चैत्र-वैशाखात नगर जिल्ह्यातील गावोगावच्या जत्रांमध्ये तमाशाचे फड लागतात. गण आटोपला की गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याच्या बाजूने बोलणारा पेंद्या आणि या सगळ्यांना पुरून उरणारी मावशी हे दृश्य हजारदा पाहिलेले असते. तरीही समोरचा प्रेक्षक पोट धरून हसतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच गावातील एखादा मुलगा आणि मुलगी एसटीच्या थांब्यावर दोन मिनिटे हसत बोलले, तर चार नजरा वळतात. रंगमंचावर जी थट्टा सर्वांना हवीशी वाटते, ती रस्त्यावर संशयास्पद का ठरते? तिच्यात आनंद नेमका कशाचा असतो? आणि ती कधी त्रास, तर कधी गुन्हा होते?

मराठीत ‘फ्लर्टिंग’ला शब्द कोणता?

एकच नेमका शब्द नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा, लाडीगोडी, नखरा, खडा टाकणे, डोळा घालणे, गोंडा घोळणे, लाइन मारणे, फिल्डिंग लावणे अशी मोठी रांग आहे. त्यांपैकी प्रत्येक शब्दाची छटा वेगळी. ‘थट्टा’त दोघेही असतात. ‘गोंडा घोळण्या’त एकाचा स्वार्थ दिसतो. ‘लाइन मारणे’ एकतर्फी असते, तर ‘टाका भिडला’ म्हटले की दोन्हीकडून होकार आला असे समजते. या रांगेच्या टोकाला ‘छेड काढणे’ आहे आणि तिथे गंमत संपलेली असते.

म्हणजे भाषेने ही रेषा पूर्वीच आखून ठेवली आहे. ‘आम्ही थट्टा करत होतो’ या वाक्यातील ‘आम्ही’मध्ये दोघेही आले पाहिजेत. समोरची व्यक्ती त्यात सामील नसेल, तर मराठीत त्याला थट्टा म्हणत नाहीत, टवाळी म्हणतात.

मराठी मुलखात ही परंपरा किती जुनी?

सुमारे दोन हजार वर्षे तरी जुनी. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा माहाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. गोदावरीच्या अलीकडे नगर जिल्ह्याचा शेवगाव तालुका लागतो. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये या ग्रंथाची सविस्तर मराठी आवृत्ती सिद्ध केली आणि हा ठेवा मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

त्यातील एका प्रसिद्ध गाथेत पाणपोईवरचा प्रसंग आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे, पण नजर पाणी घालणारीकडे लागलेली असल्याने त्याने बोटे जरा विलग ठेवली आहेत. पाणी गळून जावे आणि पिणे लांबावे, एवढाच हेतू. ती हे ओळखते आणि पाण्याची धार आणखी बारीक करते. बस्स, इतकेच घडते. कुणी कुणाला स्पर्श करत नाही, कुणी काही मागत नाही. पाणी पिऊन तो पुढच्या वाटेला लागणार आणि ती दुसऱ्या तहानलेल्याला पाणी घालणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

निर्मळ थट्टेचे सगळे व्याकरण या प्रसंगात सापडते. पहिली चाल एकाची, पण खेळ सुरू होतो तो दुसऱ्याच्या उत्तराने. तिने धार मोठी केली असती, तर त्याला ओंजळ भरून घ्यावीच लागली असती आणि विषय तिथेच मिटला असता. धारेचा ताबा अखेरपर्यंत तिच्याच हातात आहे.

नगर जिल्ह्याचा या परंपरेशी संबंध काय?

शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) संगमनेरचे. पेशवाईच्या उत्तरार्धात त्यांच्या लावण्या आणि तमाशा लोकप्रिय होते. लावणी हा शृंगाराचा, रुसव्या-फुगव्याचा आणि लाडिक तक्रारींचा प्रकार. त्यातील बोलणारी बहुधा स्त्री असते, पण तिचे शब्द लिहिणारे शाहीर पुरुष असत. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा आणि २०२४ मध्ये या जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. शृंगारिक थट्टेचा शाहीर आणि त्याला चार शब्द सुनावणारी राज्यकर्ती, दोघेही या एकाच जिल्ह्याचे. थट्टेबद्दलची मराठी समाजाची दुहेरी वृत्ती या आख्यायिकेत नेमकी उतरली आहे.

तमाशाचे हे नाते पुढेही टिकले. संगमनेरला कर्मभूमी करणाऱ्या कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांच्या नावाचा फड महाराष्ट्रभर फिरला आणि विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. जामखेड परिसरातील कलाकेंद्रे आजही ओळखली जातात.

गवळणीतील थट्टा प्रेक्षकांना का खटकत नाही?

प्रसंग नुसता ऐकला तर खटकायला हवा. एक पुरुष साथीदार घेऊन बायकांची वाट अडवतो आणि पुढे जाऊ देण्यासाठी काहीतरी मागतो. रस्त्यावर असे घडले तर पोलिसांना बोलवावे लागेल. पण रंगमंचावर तीन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली म्हणजे गौळणींना भरपूर संवाद असतात. त्या गप्प राहून सोसत नाहीत, उलट टपल्या मारतात. दुसरी गोष्ट मावशी. बहुधा पुरुषाने रंगवलेली ही फटकळ बाई कृष्णाची आणि पेंद्याची यथेच्छ फजिती करते. हशा वसूल होतो तो अडवणाऱ्याच्या फजितीवर. तिसरी गोष्ट म्हणजे हा खेळ आहे आणि तो ठरल्या वेळी संपणार आहे, हे सर्वांना माहीत असते. गवळण संपते, वग सुरू होतो.

मात्र हीच चौकट रंगमंचाबाहेर गेली की तमाशातील स्त्री कलावंताला फार सोसावे लागते. कोल्हाटी आणि इतर वंचित समाजांतील स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिने रंगमंचावर डोळा घातला म्हणजे ती खरोखर आपल्यालाच बोलावते आहे, असा समज करून घेणारे प्रेक्षक तेव्हाही होते आणि आजही आहेत. अभिनय म्हणून केलेल्या थट्टेला आमंत्रण समजणे ही या बाबतीतील सर्वांत जुनी चूक आहे.

घरातल्या, नात्यातल्या थट्टेचे काय?

दीर-वहिनी, मेव्हणा-मेव्हणी, नवऱ्या मुलाचे मित्र आणि नवरीच्या बहिणी यांच्यातील चेष्टेला मराठी घरांत परवानगी असते. हळदीत आणि रुखवतात ती उघडपणे चालते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये अशा ‘थट्टेच्या नात्यां’वर निबंध लिहिला. अनेक समाजांत काही ठरावीक नात्यांना चिडवण्याची मुभा असते आणि समोरच्याने राग मानायचा नाही असा दंडक असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. लग्नामुळे एकत्र आलेल्या दोन घरांतील अवघडलेपण त्यामुळे सैल होते.

या व्यवस्थेचा आनंद खरा आहे. तिची अडचणही खरी आहे, कारण ‘राग मानायचा नाही’ हा दंडक नव्या सुनेवर किंवा धाकट्या मेव्हणीवर सर्वांत जड पडतो. जिजाजींची मस्करी नकोशी झाली तरी ‘अगं, गंमत करतायत ते’ म्हणून तिलाच गप्प केले जाते. नात्याने दिलेली परवानगी ही त्या मुलीने दिलेली परवानगी नसते.

नवरा-बायकोच्या थट्टेसाठी मराठीत उखाणा आहे. पूर्वी नवऱ्याचे नाव एरवी घ्यायचे नाही, असा रिवाज होता. तेच नाव चारचौघांत, यमक जुळवून, जरा लाजत आणि जरा टोमणा मारत घ्यायचे. हळदी-कुंकवाला साठीच्या आजींनी नवा उखाणा घेतला आणि दाराशी बसलेल्या आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर तेही फ्लर्टिंगच. बऱ्याच घरांत ते चाळीस-पन्नास वर्षे सुरू असते.

यात आनंद मिळतो तो कशामुळे?

जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज सिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या विषयावर लिहिले. अशा खेळात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये झोके घेणे हेच सुख असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. उत्तर पक्के झाले की खेळ संपतो. पाणपोईवरच्या त्या दोघांना पाणी संपू नये असे वाटत होते, ते याचसाठी.

दुसरे कारण साधे आहे. आपल्याकडे कुणीतरी माणूस म्हणून पाहिले, आपल्या बोलण्यावर त्याला काहीतरी सुचले आणि त्याला उत्तर द्यावेसे वाटले, ही जाणीव सुखावणारी असते. नेहमीची भाजीवाली ‘आज लई नटून आलात, साहेब’ म्हणते, तेव्हा तिला काही नको असते आणि साहेबांनाही. पण त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी जरा हलकी लागते.

कामाच्या ठिकाणच्या अशा बोलण्याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लीआ शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, छळात न मोडणारी आणि स्वतःला आवडलेली थट्टा माणसाला स्वतःबद्दल बरे वाटायला लावते आणि कामाच्या ताणापासून काही प्रमाणात सांभाळते. पण तीच थट्टा बरोबरीच्या सहकाऱ्याऐवजी वरिष्ठाने केली, तर तिच्यातील गोडी कमी होते. आपल्याकडे हे सांगायला संशोधन लागत नाही. साहेबाच्या विनोदावर सगळे हसतात, तेव्हा किती जणांना खरोखर हसू आले होते, ते साहेबालाच तेवढे कळत नाही.

मग अंदाज इतके का चुकतात?

कारण या खेळात स्पष्ट बोलायचे नसते. माघार घेता यावी म्हणून प्रत्येक वाक्य दुहेरी ठेवले जाते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी अनोळखी अविवाहित तरुण-तरुणींच्या जोड्यांना एकमेकांशी बोलायला लावले आणि नंतर दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, समोरची व्यक्ती फ्लर्ट करत नसेल तर ते ८० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखले गेले. ती करत असेल, तर मात्र सुमारे २८ टक्के वेळाच ते कळले. दोन्ही बाजूंना शंका असते आणि शंकेचा फायदा बहुतेक जण ‘नसावे’ या बाजूला देतात.

याला एक अपवाद मात्र जुना आहे. अँटोनिया अ‍ॅबी यांच्या १९८२ च्या प्रयोगात स्त्री आणि पुरुष यांचे तेच संभाषण पाहताना पुरुषांनी स्त्रीच्या मोकळ्या बोलण्यात लैंगिक रस अधिक पाहिला आणि स्त्रियांनी तितका पाहिला नाही. बँकेच्या खिडकीत हसून बोलणारी कर्मचारी किंवा दवाखान्यात आपुलकीने चौकशी करणारी परिचारिका आपले काम करत असते. तिच्या हसण्याचा वेगळा अर्थ घेणे हा गैरसमज समोरच्याचा असतो, पण तो निस्तरावा लागतो तिला. मग ती हसून बोलणेच कमी करते आणि सगळ्यांचाच एक साधा आनंद जातो.

मोबाइलवर अडचण वाढते. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावरची आठी लगेच दिसते. इन्स्टाग्रामवर पाठवलेल्या डोळा मारणाऱ्या चेहऱ्याला आठी दिसत नाही. उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा की ‘अजून पाहिले नाही’ असा, हे ज्याचे तो आपल्या सोयीने ठरवतो.

कायदा रेषा कुठे आखतो?

कायद्याने हसण्या-बोलण्यावर बंदी घातलेली नाही. त्याचा भर ‘नकोसे’ या एका शब्दावर आहे. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे त्यानुसार बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनांतील आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळासाठी आहे. लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत, तर नकोसा स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी यांसारख्या कृत्यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ७८ पाठलागाचे आहे. स्त्रीने आपल्याला रस नसल्याचे स्पष्ट दाखवल्यानंतरही तिच्या मागे लागणे, पुन:पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळी तीन आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द आणि हावभाव कलम ७९ मध्ये येतात. समोरची मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल, तर ‘पोक्सो’ कायदाही लागू होतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२५ मध्ये एका जुन्या प्रकरणात आरोपीची शिक्षा रद्द केली. केवळ ‘आय लव्ह यू’ एवढे म्हटल्याने लैंगिक हेतू आपोआप सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यावर बरीच चर्चा झाली. या निकालातून घ्यायचा अर्थ मर्यादित आहे. तुरुंगात जावे लागणार नाही इतपतच कायद्याची किमान पातळी असते. चांगल्या वागण्याची पातळी तिच्यापेक्षा बरीच वर आहे.

नगर जिल्ह्यात हा विषय हलकाफुलका का राहत नाही?

कारण इथे नुसत्या बोलण्याच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण कुटुंबातील मुलीशी तो बोलत असल्याच्या रागातून त्याला मारल्याचा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांना ठार करण्यात आले. त्या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना दोषी ठरवले.

या घटना ध्यानात घेतल्यावर ‘निरुपद्रवी’ या शब्दाचा अर्थ बदलतो. एका मुलाने शाळेच्या आवारात मारलेली कोटी चार दिवसांत विसरली जाते. तीच कोटी दुसऱ्या मुलाने मारली, तर त्याची जात विचारली जाते. मुलीची शाळा सुटते, मोबाइल काढून घेतला जातो, स्थळे पाहायला सुरुवात होते. थट्टा करणारे दोघेही मनाने निर्मळ असले, तरी तिसरे कुणी त्यांचा हिशेब करायला उभे असते. वाटसरू कुठल्या जातीचा आणि पाणी घालणारी कुठल्या घरची, असे पाणपोईवर कुणी विचारले असते, तर ती गाथा लिहिलीच गेली नसती.

म्हणून छेडछाड रोखणे आणि मुला-मुलींचे बोलणे रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात बहुधा दुसरीच आधी केली जाते. ज्या मुलांना मुलींशी साधे बोलण्याची सवयच लागलेली नसते, त्यांना नकार ओळखताही येत नाही आणि पचवताही येत नाही. मोकळ्या बोलण्याला जागा दिली, तर छेडछाडीला आळा घालणे उलट सोपे जाते.

मग निर्मळ थट्टा ओळखायची कशी?

चार साध्या खुणा पुरेशा आहेत. पहिली, समोरून उत्तर येते आहे का? खडा टाकल्यावर पलीकडून खडा आला नाही, तर दुसरा टाकायचा नाही. दुसरी, समोरच्याला निघून जाता येते का? चालत्या एसटीत शेजारच्या आसनावर, साहेबाच्या केबिनमध्ये, शिकवणीच्या वर्गात किंवा एकाच घरात राहणाऱ्या वहिनीला तसे जाता येत नाही. तिथे बोलणाऱ्याने जास्त सांभाळायला हवे. तिसरी, ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय? नकार दिल्याने कुणाची पगारवाढ, गुण, अब्रू किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर ती थट्टा उरत नाही. चौथी, हेच वाक्य तिच्या किंवा त्याच्या घरच्यांसमोर, आपल्या जोडीदारासमोर बोलता येईल का? येत असेल, तर चिंता नाही.

त्रास होत असेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. महाविद्यालयात आणि कामाच्या ठिकाणी समितीकडे लेखी तक्रार करता येते. संदेश आणि फोनच्या नोंदी पुसू नयेत, त्या पुरावा म्हणून लागतात.

थट्टा चुकली असे लक्षात आले, तर ‘चुकलं, माफ करा’ एवढे म्हणून विषय बदलावा. ‘तुम्हाला गंमतच कळत नाही’ असे उलटून म्हणू नये. ज्याने हे सांभाळले, त्याच्याशी माणसे दुसऱ्या दिवशीही हसून बोलतात.